मुलांच्या भीतीचीही नोंद हवी

मुलाचे अंग गरम लागले की आपण काखेत थर्मामीटर लावतो. कपाळावर हात ठेवून केलेला अंदाज चुकू शकतो, हे आता सर्वांनाच पटले आहे. परंतु दात दाखवायला नेलेल्या मुलाची भीती आपण अजून अंदाजानेच ठरवतो. रडले तर भित्रे, गप्प बसले तर शहाणे!

हा अंदाज पुष्कळदा फसवा असतो. रडणारे मूल निदान आपली भीती सांगते तरी. खुर्चीचे हात घट्ट धरून निमूट बसलेले मूल मनातून किती भेदरले आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. अशी भीती मनात घर करून राहिली, तर तेच मूल मोठेपणी दाढ ठणकत असतानाही लवंग धरून दिवस काढते आणि गाल सुजल्यावरच दवाखाना गाठते.

भीती मोजण्याची साधने आहेत व ती महागही नाहीत. अमेरिकेत फ्रँकल यांनी १९६२ साली खुर्चीवरील मुलाच्या वागण्याच्या चार पायऱ्या ठरविल्या. मात्र ती बाहेरून केलेली पाहणी झाली. मुलाला स्वतःला काय वाटते ते त्यालाच विचारले पाहिजे. छत्तीसगडमधील राजनांदगाव येथील दंतवैद्यांनी २०१५ साली त्यासाठी पाच छायाचित्रांची पट्टी प्रसिद्ध केली. एका टोकाला खूप आनंदी चेहरा, दुसऱ्या टोकाला खूप दुःखी. मुलग्यांसाठी मुलाचे चेहरे, मुलींसाठी मुलीचे. ‘तुला आत्ता कसं वाटतंय?’ एवढेच विचारायचे आणि मुलाने बोट ठेवायचे. पुढच्याच वर्षी अमृतसरच्या दंतवैद्यांनी छोटा भीम व चुटकी यांची चित्रे याच कामी वापरली. अक्षरओळख नसलेले मूलही अशा चित्रांवर बोट ठेवू शकते.

दवाखान्यात गर्दी असते, वेळ कुठून आणायचा, असे कुणी म्हणेल. या विचारपूसीला एखादे मिनिट लागते. बिथरलेल्या मुलाला धरून ठेवण्यात त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो. फार लहान मूल आवडलेल्या चित्रावरच बोट ठेवील, हेही खरे. म्हणून चित्राबरोबर वागणे व नाडीही पाहावी.

मोजून उपयोग काय? भीती फार असेल आणि घाई नसेल, तर पहिल्या दिवशी फक्त आरसा दाखवून दात मोजावेत. पुढच्या खेपेस प्रत्येक गोष्ट आधी सांगावी, दाखवावी आणि मगच करावी. तरीही जमत नसेल तर बालदंतरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. मात्र चेहऱ्यावर सूज व ताप असेल तर एक दिवसही थांबू नये.

माझे स्पष्ट मत आहे की परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, कुठलाही दवाखाना असो, किडलेल्या दाताबरोबर मुलाच्या भीतीचा आकडाही दर खेपेस केसपेपरवर लिहिला जावा. आकडा उतरत गेला तर उपचार नीट चालले आहेत असे समजावे.

पालकांनीही एक पथ्य पाळावे. मूल चित्र निवडत असताना मध्ये बोलू नये. आणि घरी ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक आजपासून बंद करावा. बरीचशी भीती मूल घरूनच घेऊन येते.