कोड्यातली कण्हेर

रविवारच्या शब्दकोड्यात ‘परदेशी फूल’ एवढाच संकेत होता. घरे चार, उत्तर फॉक्सग्लोव्ह. पूर्णा जंक्शनवर अकोल्याच्या गाडीची वाट बघत पेन्सिल चावणाऱ्याने हे कुठून आणायचे? फूल परदेशी आहे, ही तक्रार नाही. डॅफोडिलही परदेशीच आणि तेही चार घरांत नेमके बसते. मग ते चूक का, हे संकेत सांगत नाही. सांगण्यासारखे काही नव्हते म्हणावे, तर १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने फॉक्सग्लोव्हच्या औषधी गुणांवर पुस्तकच लिहिले. याच्याच एका भाऊबंदापासून डिगॉक्सिन हे हृदयविकारावरचे औषध मिळते आणि अगाथा ख्रिस्तीने एका कथेत याचीच पाने जेवणात घालून खून घडवला. यातले काहीही चालले असते.

त्यातून आपल्याकडे कण्हेर आहेच. जनावरे तोंड लावत नाहीत म्हणून ती रस्त्याच्या दुभाजकात लावतात, आणि तिचे विष हृदयावर फॉक्सग्लोव्हसारखेच चालते. इतके की कण्हेर पोटात गेलेल्या माणसाच्या रक्तात प्रयोगशाळेची डिगॉक्सिनची चाचणीही फसते. औषध घेतलेले नसताना ते सापडल्याचे दाखवते. कोडेवाल्यांच्या लेखी मात्र कण्हेर म्हणजे ‘एक फूल (३)’. मोगरा, शेवंती, जास्वंद, अबोली सगळ्या त्याच रांगेत उभ्या.

यावर ठरलेले उत्तर असे, की उभे शब्द भरले की आडवा आपोआप सुटतो. नेहमी नाही सुटत. ‘एक मराठी कवी (५)’ घ्या. केशवसुत बसतात, गोविंदाग्रज बसतात, कुसुमाग्रजही बसतात. उभ्या शब्दांनी शेवटची दोन अक्षरे आणून दिली, तरी ‘ग्रज’ हाती धरून गडकरी की शिरवाडकर, हा घोळ तसाच. दुसरा आक्षेप, की कोडे हा चहाबरोबरचा विरंगुळा, त्याला एवढा काथ्याकूट कशाला. सोपे जरूर द्या, पण सोपे वेगळे आणि मोघम वेगळे. ‘नटसम्राट लिहिणारे कवी’ हे सोपेच आहे, आणि त्यात दुसरा कोणी शिरू शकत नाही. उत्तर भरल्यावर दुसरे उत्तर बसता कामा नये, एवढी एकच अट कोडेवाल्याला घालावी.

आमच्या जिल्ह्याचे बी. रघुनाथही पाच घरांचेच. जन्म १९१३चा, त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे छापून आले. ‘“ओ” या कादंबरीचे लेखक’ म्हटले की वाद मिटतो. परभणीबाहेर कोणाला येणार, असे कोणी म्हणेल. नाही आले तर पुढच्या अंकात उत्तर छापतातच की. फॉक्सग्लोव्हचे तरी कितींना आले होते? ‘ओ’ मात्र उत्तर म्हणून देता यायची नाही. एका घराचा शब्द कोड्यात धरत नाहीत.