भाव ताजा की केवळ आकडा ताजा?

भेंडीची तोडणी लांबविता येत नाही. एक-दोन दिवसांचा उशीर झाला तरी शेंग जून होते. तेव्हा पनवेल-उरण भागातील शेतकऱ्याने ठरवावयाचे ते एवढेच की, माल जवळच्या पनवेलला द्यावा की उलव्यावरून पुढे वाशीच्या घाऊक बाजारात न्यावा. हा निर्णय भावावर अवलंबून असतो. चुकल्यास वाहतुकीचा खर्च अंगावर पडतो.

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ बाजार समित्यांमधील आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. जालावरील असा तक्ता गुगल शीट्समध्ये सूत्राने ओढून घेण्याची सोय आहे. परंतु तीवर डोळे मिटून विसंबणे योग्य नव्हे. 'इम्पोर्टएचटीएमएल' हे सूत्र साधारणपणे तासाने एकदा नवी माहिती आणते, व तेही पत्रक उघडे असतानाच. पत्रक बंद करून पुन्हा उघडल्याने ते आपोआप ताजे होत नाही. म्हणजे फलकावर आज लिहिलेला भाव कालचा असू शकतो.

यावर उपाय म्हणजे ॲप्स स्क्रिप्टमधील छोटी आज्ञावली. नेमून दिलेल्या वेळी, पत्रक बंद असले तरी, ती स्वतः माहिती आणते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही विद्या अवश्य शिकावी. मात्र तीन पथ्ये पाळावीत.

पहिले, जुना आकडा पुसू नये. नवा भाव खालच्या ओळीत लिहावा, म्हणजे चढउतार दिसेल. दुसरे, बाजाराची तारीख व माहिती आणल्याची वेळ वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावी. पहाटे आणलेला आकडा परवाच्या बाजाराचा असला, तर तो ताजा नव्हे. तिसरे, पान न उघडल्यास किंवा त्याची मांडणी बदलल्यास आज्ञावलीने 'भाव मिळाला नाही' असे स्पष्ट लिहावे. जुनाच आकडा नवा म्हणून दाखवू नये.

दिवसातून एकदा निघणाऱ्या भावासाठी दर मिनिटास विचारणा करणे व्यर्थ आहे. दिवसातून दोन वेळा पुरे. सार्वजनिक यंत्रणेवर विनाकारण भार टाकू नये.

शेतकरी बंधूंनीही फलक वा भ्रमणध्वनी पाहताना प्रथम तारीख वाचावी, मग भाव. तारीख नसेल, तर त्या आकड्यावर टेम्पो भरू नये.