जुनी गाणी दाखला म्हणून नकोत, भाषा म्हणून हवीत

दरवर्षी ३१ जुलैला मोहम्मद रफी यांची पुण्यतिथी येते आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. 'बैजू बावरा' (१९५२) मधलं मालकंस रागातलं भजन लिहिलं शकील बदायुनी यांनी, संगीत नौशाद यांचं, गायलं रफींनी. तिघंही मुसलमान. माहिती खरी आहे, पण हा मजकूर आपण कुणाला पाठवतो आणि कशासाठी, हे एकदा स्वतःला विचारून बघा. बहुतेक वेळा आपण तो तहसीलमधून आणलेल्या रहिवासी दाखल्यासारखा पुढे करतो. बघा, आम्हीही इथलेच!

मला हे खटकतं. आपल्या गल्लीत, आपल्या गावात राहायला आपल्याला दाखला लागत नाही. आणि ज्याला तो मागायचाच आहे, त्याचं समाधान एका भजनाने होणार नाही. या गाण्यांचा आपल्याला याहून मोठा उपयोग आहे. आपल्या हातून सुटत चाललेली भाषा त्यांनी जपून ठेवली आहे.

मी बोदवडचा. घरात खानदेशी वळणाची उर्दू, गल्लीत लेवा बोली, शाळा मराठी, पुढे इंजिनीअरिंग इंग्रजीत. त्यामुळे उर्दू कानाला कळते, डोळ्यांना कळत नाही. मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्या पिढीतल्या अनेकांची हीच गत आहे. कॉलेजात असताना जुनी गाणी म्हणजे 'अब्बांची गाणी' होती. २०२०च्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन गावी आलो आणि दिवसभर त्यांचा रेडिओ कानावर पडू लागला. गाणी तर पाठच होती. पण एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की अब्बा काम थांबवून सांगायचे आणि अर्थाबरोबर एखादा शेरही यायचा. महिनाभरात माझ्या लक्षात आलं, हा उर्दूचा वर्ग चालू आहे. फक्त फळा नाही.

एक उदाहरण देतो. दिलीपकुमार यांचा १९५३ सालचा एक चित्रपट आहे, 'शिकस्त'. मराठीत आपण 'प्रयत्नांची शिकस्त' करतो, म्हणजे जीव तोडून प्रयत्न करतो. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. 'खुलासा' शब्दाचंही तेच. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, उर्दूत सारांश. वर ज्या 'दाखल्या'बद्दल बोललो, तो शब्दही अरबी-फारसीतूनच मराठीत आलेला. आपण दोन्ही भाषा बोलतो, म्हणून ही गंमत आपल्याला घरबसल्या कळू शकते. त्यासाठी शब्दापाशी थोडं थांबावं लागतं, एवढंच.

ही भाषा लिपी न येणाऱ्यांपर्यंत पोचली ती मुख्यतः रेडिओमुळे. १९५२ साली बी. व्ही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. सयानींची सोपी, गोड हिंदुस्तानी सगळ्यांना आठवते. त्यांच्या आई कुलसुम सयानी मात्र कमी जणांना माहीत आहेत. नवसाक्षरांसाठी त्या 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत. भाषा सोपी हिंदुस्तानी, लिप्या तीन: देवनागरी, उर्दू आणि गुजराती. अमीन सयानी तरुणपणी या कामात आईला मदत करत. लिपी येत नाही म्हणून भाषेचं दार बंद करू नये, हा धडा त्यांना घरातच मिळाला होता.

आता आपल्या जवळचं बघू. 'बाजार' (१९८२) ची गाणी तुम्ही ऐकली असतील. नायिका स्मिता पाटील, म्हणजे आपल्या खानदेशातल्या शिरपूरच्या घरातली मुलगी. भूपिंदर यांनी गायलेलं गीत लिहिलं औरंगाबादच्या बशर नवाज यांनी. एक गझल अठराव्या शतकातल्या मीर तकी मीर यांची, एक हैदराबादच्या मखदूम मोहिउद्दीन यांची. सगळ्याला संगीत खय्याम यांचं. म्हणजे ज्याला आपण 'जुनं फिल्मी गाणं' म्हणतो, त्यात अडीचशे वर्षांची कविता भरलेली आहे आणि तिचा एक धागा थेट आपल्या शेजारच्या मराठवाड्यात निघतो. शिवाय चित्रपटाची गोष्ट काय आहे? गरीब घरच्या मुली निकाहाच्या नावाखाली आखाती देशांतल्या पैसेवाल्यांना विकल्या जातात, ती. गोड चालीत रमताना हे विसरायला नको. आपल्या समाजाला आरसा दाखवणारेही याच गाण्यांच्या आजूबाजूला होते.

काही घरांत संगीतालाच हरकत असते. त्यावर मी फतवा देणारा कोण? पण ज्यांना वाद्यं नकोत, त्यांनी निदान शब्द तरी वाचावेत. कविता वाचायला तबला-पेटी लागत नाही.

आपल्या मोबाइलवरच्या गाण्यांच्या ॲपमध्ये गायक आणि चित्रपट ठळक दिसतात. गीतकाराचं नाव बऱ्याचदा शोधावं लागतं. ऐकलेलंच गाणं पुन्हा समोर आणणं हा या यंत्रणेचा स्वभाव, त्यामुळे आपण त्याच वीस-पंचवीस गाण्यांत फिरत राहतो. मी याच व्यवसायात आहे म्हणून सांगतो, यंत्र तुम्हाला आवडलेलं गाणं ओळखतं, न कळलेला शब्द ओळखत नाही. ते काम आपलंच.

म्हणून येत्या ३१ जुलैला तो मजकूर पुढे पाठवण्याऐवजी एक गाणं निवडा. गीतकार कोण, ते शोधा. न कळलेले तीन शब्द वहीत लिहा आणि घरातल्या दादीला, नानाला, मोहल्ल्यातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांना अर्थ विचारा. जमलं तर त्याच वहीत ते शब्द उर्दू लिपीत लिहून घ्या. दर आठवड्याला असं एक गाणं घेतलं, तर महिन्याला बारा शब्द होतात. अर्थ सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत, तेव्हा विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या.