सायगावच्या कण्या

गेल्या महिन्यात आमच्या घरात कण्यांवरून वाद झाला. निमित्त झाले वस्तीतल्या एका तरुणाचे. हा मुलगा मालवाहू जहाजावर आचारी आहे. रजेवर आला की आमच्याकडे चहाला येतो आणि देशोदेशीच्या गोष्टी सांगतो. या खेपेला त्याचे जहाज व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहराच्या बंदरात लागले होते. या शहराचे जुने नाव सायगाव. बोलताना तिथली माणसे अजूनही तेच नाव घेतात.

"काका, सकाळी सकाळी तिथे फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर माणसं कण्या खायला बसतात. हमाल बसतो, त्याच्या शेजारी टाय लावलेला साहेबही बसतो," असे तो म्हणाला. आमच्या मुलीने लगेच हट्ट धरला की आपणही करून बघू. कृती त्याने कागदावर लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना आम्ही वाण्याकडून किलोभर कणी आणली. पिशवी उघडताच आमच्या आईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "गावी लोकांचं भात आम्ही कांडायचो. अख्खा तांदूळ मालकाच्या कणगीत जायचा, कण्या आणि कोंडा आमच्या पदरात. तुला शिकवून नोकरीला लावलं, ते घरात परत कण्या आणायला का?"

यावर आम्हाला काही बोलता येईना. पिशवी तशीच फळीवर ठेवली. मग त्या मुलाला पुन्हा बोलावून घेतले, थोडे वाचनही केले. तेव्हा लक्षात आले की सायगावच्या कण्यांची हकीकत आईच्या हकीकतीहून फार वेगळी नाही.

व्हिएतनामी भाषेत या पदार्थाला 'कोम ताम' म्हणतात. कोम म्हणजे शिजलेला भात आणि ताम म्हणजे कणी. देशाच्या दक्षिणेला मेकाँग नदीच्या मुखाचा सखल मुलूख आहे. तिथे भात उदंड पिकते. 1859 साली फ्रेंचांनी सायगाव घेतले आणि त्यांच्या राजवटीत या बंदरातून तांदळाची मोठी निर्यात सुरू झाली. अख्खा दाणा विकायचा, मोडका दाणा घरी ठेवायचा. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या ताटात कणी आली ती अशी. कोंबड्या-डुकरांनाही तीच घालत. गावाकडची माणसे कामधंद्यासाठी शहरात आली आणि कणीही त्यांच्याबरोबर आली. स्वस्तात पोट भरते म्हणून फेरीवाल्या बाया ती रस्त्यावर शिजवून विकू लागल्या. पुढे तिच्याबरोबर निखाऱ्यावर भाजलेले डुकराचे मांस, अंडे आणि आंबट-गोड लोणचे आले. व्हिएतनामी माणूस एरवी भात वाडग्यात घेऊन काड्यांनी खातो. कोम ताम मात्र पसरट ताटलीत वाढतात आणि चमचा-काट्याने खातात.

पुढचे दिवसही सोपे नव्हते. 1975 साली युद्ध संपले, पण नंतर कित्येक वर्षे रेशनवर दिवस काढावे लागले. 1986 नंतर देशाचे आर्थिक धोरण बदलले आणि 1989 पासून तांदळाची मोठी निर्यात पुन्हा सुरू झाली. आता सायगावात अख्खा तांदूळ हवा तेवढा मिळतो. तरीही माणसे कण्याच मागून खातात. शहराचे नाव निघाले की या पदार्थाचे नाव निघते.

त्यांच्याकडे एक जुनी लोककथा आहे. दोन सावत्र बहिणी, एक ताम आणि दुसरी काम. ताम म्हणजे कणी, काम म्हणजे कोंडा. सावत्र आईचा छळ सोसलेली ताम पुढे राणी होते. ही गोष्ट आम्ही आईला सांगितली. ती म्हणाली, "आपल्याकडं कोंड्याचा मांडा करायचे. कणीची राणी कधी ऐकली नव्हती." पण तिने पिशवी फळीवरून खाली काढली आणि कणी निवडायला घेतली.

आता कृती. आमचा पहिला प्रयत्न फसला, हे आधीच सांगतो. नेहमीच्या भातासारखे दुप्पट पाणी घातले आणि झाली पेज. कणी पाणी लवकर पिते. म्हणून दोन वाट्या कणी हलक्या हाताने दोनदा धुवावी, अर्धा तास भिजवावी, मग चाळणीत पूर्ण निथळावी. जाड बुडाच्या पातेल्यात दोनच वाट्या पाणी उकळून त्यात कणी घालावी. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे शिजवावी. गॅस बंद करून आणखी दहा मिनिटे झाकण काढू नये. मोदकपात्रात फडके घालून वाफवली तर अधिक मोकळी होते.

मांस तिकडे डुकराचे घेतात. आम्ही अर्धा किलो कोंबडीचे पातळ तुकडे घेतले. त्याला लागतो गवती चहा. आपण त्याची पात चहात घालतो, ते मुळाजवळचा पांढरा दांडा वापरतात. हा दांडा बारीक चिरून दोन चमचे घ्यावा. त्यात सहा लसूणपाकळ्या, एक लहान कांदा, दोन चमचे साखर, मिरपूड, थोडे तेल आणि बेताचे मीठ घालून वाटावे. हे वाटण तुकड्यांना लावून तासभर मुरवावे आणि तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावे. साखरेमुळे चटकन करपते, तेव्हा लक्ष हवे.

गाजर आणि मुळा काडीसारखे चिरून मीठ चोळावे. दहा मिनिटांनी पिळून अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी आणि दोन मोठे चमचे साखर यांत तासभर ठेवावे. पातीच्या कांद्याची हिरवी पात बारीक चिरून त्यावर चार चमचे कडकडीत तेल ओतावे, चिमूटभर मीठ घालावे. हे तेल भातावर घालायचे. त्याने कणीला चकाकी आणि चव दोन्ही येतात.

शेवटी वरून घालायचे पाणी. तिकडे त्यासाठी 'नुओक माम' वापरतात. लहान मासळी मिठात महिनोन् महिने मुरवून त्याचा अर्क काढतात. ज्या घराला सुकट-बोंबलाचा वास परका नाही, त्याला हा वासही परका वाटणार नाही. मोठ्या दुकानांत ही बाटली 'फिश सॉस' या नावाने मिळते. नसेल तर सोया सॉस चालेल. आठ चमचे कोमट पाण्यात दोन चमचे साखर विरघळवावी. त्यात दोन चमचे लिंबाचा रस, दोन चमचे नुओक माम, ठेचलेला लसूण आणि एक बारीक चिरलेली मिरची घालावी.

ताटलीत कणी, वर पातीचे तेल, बाजूला मांस, तळलेले अंडे, काकडीच्या चकत्या आणि लोणचे. वरून ते पाणी घालून खावे. व्हिएतनाममधले अनेक बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करीत नाहीत. त्या दिवशी मांसाऐवजी टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, आणि नुओक मामऐवजी सोया सॉस. आपल्याकडेही ज्यांच्या घरी पौर्णिमा पाळतात, त्यांना हा मार्ग मोकळा आहे.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलो. आईने पहिला घास सावकाश खाल्ला, दुसरा खाल्ला. आम्ही तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती म्हणाली, "चांगलं लागतंय. तेव्हा सोबत एवढं काही नव्हतं रे. नुसतं मीठ असायचं. ते पण कधी असायचं, कधी नाही."

एवढे बोलून तिने आणखी वाढायला सांगितले.

आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून हाही हिशेब मांडून ठेवतो. आईचा राग कणीवर नव्हता. दाणा मोडका असला तरी तो तांदूळच. अख्खे कोणी खायचे आणि मोडके कोणी, हे दुसऱ्याने ठरवले होते, त्याचा तो राग होता. सायगावच्या माणसाला आज दोन्ही परवडते आणि तो आवडीने कणी निवडतो, तेव्हा तिच्यात कमीपणा उरत नाही. सोमवारी आमची मुलगी उरलेले डब्यात घेऊन गेली. मैत्रिणींना तिने परदेशी नाव सांगितले नाही. "आजीच्या गावच्या कण्या," असे सांगितले आणि डबा चाटूनपुसून परत आणला.

वाण्याकडची कणी आपणही एकदा आणा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, आणि ते जे सांगतील ते मुलांना शेजारी बसवून ऐका.