दिवाळीच्या सुट्टीत ती कुठे जाणार?



दिवाळी जवळ आली की कॉलेजच्या वसतिगृहातल्या फलकावर एक साधी सूचना लागते : 'सुट्टीनिमित्त वसतिगृह बंद राहील. विद्यार्थिनींनी खोल्या रिकाम्या कराव्यात.' मुली एस.टी.च्या वेळा पाहू लागतात, घरी फोन करतात. एखादीच ती सूचना दोनदा वाचते आणि गप्प होते. ती बालगृहात वाढलेली असते. अठरा पूर्ण झाल्यावर तिथून बाहेर पडलेली असते. परत तिथे राहता येत नाही आणि दुसरे घर नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या अशाच एका मुलीने मला विचारले होते, "ताई, मारहाण झालेल्या बायकांसाठी तुमचा निवारा आहे ना, तिथे मला पंधरा दिवस राहता येईल का?" तिला कुणी मारले नव्हते, कुणी घराबाहेर काढले नव्हते. कॉलेजला सुट्टी लागली होती, एवढेच.

हुंडा, मारझोड, पोटगी, बलात्कार या प्रश्नांवर आपण वर्षानुवर्षे काम करतो आहोत. पण पाठीशी माणूस नसलेल्या मुलीचे कॉलेजशिक्षण हा स्त्री-चळवळीचा प्रश्न आहे, असे आपण फारसे म्हटलेले नाही. तो आपला प्रश्न का आहे, हे या अंकात मांडायचे आहे.

बारावीची परीक्षा आणि अठरावा वाढदिवस पुष्कळदा एकाच वर्षात येतात. ज्या वेळी मुलीला आधाराची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच वेळी कायद्याच्या लेखी ती 'बालक' राहत नाही. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी आर्थिक मदतीची तरतूद आहे. पण कलमाची भाषा बघा. मदत 'द्यावीच लागेल' असे ते म्हणत नाही, 'देता येईल' असे म्हणते. २०१६ च्या आदर्श नियमांत हे अनुरक्षण एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये धरलेले आहेत. आता हिशेब करा. अठराव्या वर्षी बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतलेली मुलगी एकही वर्ष न गमावता बाविसाव्या वर्षी पास होते. म्हणजे शेवटच्या वर्षाची फी आणि जेवण 'अपवाद' म्हणून मंजूर व्हायचे. एखादे वर्ष आजारपणात गेले तर काय? आपल्या घरातल्या मुलीला आपण एकविसाव्या वाढदिवशी ताटावरून उठवतो का?

आणि इथेच मुलगी असण्याचा वेगळा अर्थ लागतो. संस्थेतून मुलगा बाहेर पडला की लोक विचारतात, कामधंद्याचे काय? मुलगी बाहेर पडायची वेळ आली की विचारतात, स्थळ पाहिले का? मग मांडव पडतो, देणगीदार येतात, फोटो छापून येतो आणि कागदावर 'पुनर्वसन' झाल्याची नोंद होते. लग्न करून सुखाने नांदणाऱ्या मुलीही आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिचे बिनसले, तिने जायचे कुठे? आपल्या केंद्रात येणाऱ्या बाईला निदान आठ दिवस राहण्यापुरते माहेर असते. हिला तेही नाही. हातात पदवी नाही, नोकरी नाही, माहेर नाही. अशा मुलीचे लग्न घाईने लावून देणे म्हणजे जबाबदारीतून अंग काढून घेणे आहे, हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे.

सरकारने काहीच केलेले नाही, असेही नाही. महाराष्ट्रात २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आले. अर्जावर जात कोणती लिहायची हेच माहीत नसलेल्या तरुणांसाठी हा मोठा विजय होता. २०२३ च्या शासन निर्णयात 'संस्थात्मक' आणि 'संस्थाबाह्य' अशा दोन वर्गवाऱ्या झाल्या. जुलै २०२४ मध्ये मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची माफी जाहीर झाली, तिच्यात या दोन्ही वर्गवाऱ्यांतली अनाथ मुले-मुलीही आहेत.

पण या सगळ्याची किल्ली म्हणजे अनाथ प्रमाणपत्र. आणि बालगृहातल्या पुष्कळ मुली या अर्थाने अनाथ नसतातच. कुणाची आई धुणीभांडी करते आणि फुटपाथवर राहते. कुणाचा बाप तुरुंगात असतो. त्यांना घर नाही, पण कागदावर पालक आहे. तिसरा गट तर आपल्या रोजच्या ओळखीचा आहे : जबरदस्तीचे लग्न नाकारून किंवा घरातल्या अत्याचाराला कंटाळून अठरा-एकोणीसाव्या वर्षी घर सोडलेली मुलगी. ती कधीच संस्थेत नव्हती, म्हणून अनुरक्षण नाही. आईबाप जिवंत आहेत, म्हणून प्रमाणपत्र नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो, तो बापाच्या नावाचा. ज्या माणसापासून ती पळाली, त्याच्याच सहीसाठी तिने परत जायचे?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर जुनेच आहे. काशीबाई या विधवेच्या मुलाला जोतीराव-सावित्रीबाईंनी १८७४ साली दत्तक घेतले. यशवंतला त्यांनी जेवूखाऊ घातले आणि शिकवून डॉक्टरही केले. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांना घेऊन जात होत्या, त्या याच मुलाच्या दवाखान्यात. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि वीस वर्षांनी, १९१६ साली, महिला विद्यापीठ. छप्पर एकीकडे आणि शिक्षण दुसरीकडे, अशी वाटणी या माणसांनी केली नाही. ती आपण नंतर केली.

परदेशातही हा प्रश्न आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २००९ साली कायदा करून, सरकारी देखरेखीखाली परक्या कुटुंबांत वाढलेल्या विद्यार्थ्यांना राज्य विद्यापीठाच्या वसतिगृहांत प्राधान्य दिले. सुट्टीतही उघड्या राहणाऱ्या वसतिगृहांत त्यांना पहिला हक्क दिला. सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न तिथे कायद्याने विचारात घेतला. मग आपल्या विद्यापीठांना ते का जमू नये?

मग आपण काय करायचे? पहिली गोष्ट, आपल्या तालुक्यातल्या, शहरातल्या बालगृहात सोळा वर्षांवरच्या किती मुली आहेत याची बालकल्याण समितीकडे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे चौकशी करा. जन्माचा पुरावा, आधार, रहिवासी दाखला, बँकेचे खाते, लागू असेल तिथे अनाथ किंवा जातीचे प्रमाणपत्र हे सगळे तिच्या अठराव्या वाढदिवसाआधी तिच्या हातात पडले पाहिजे. नंतर तिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या आणि तोवर प्रवेशाची मुदत संपायची, हे थांबले पाहिजे.

दुसरी गोष्ट, प्रत्येक मुलीमागे गटातल्या एका बाईने स्थानिक पालक म्हणून सही करावी आणि पदवी मिळेपर्यंत ती जबाबदारी सोडू नये. पैशांपेक्षा हे अवघड आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ताप आला तर फोन कुणाला करायचा, हे तिला माहीत असले पाहिजे. तिसरी गोष्ट, जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून सुट्टीत वसतिगृहातल्या निदान चार खोल्या उघड्या ठेवण्याची मागणी करा. ती मान्य होईपर्यंत आपली घरे उघडी करा.

एक पथ्य मात्र पाळायचे. तिला व्यासपीठावर उभे करून तिची कहाणी सांगायला लावायची नाही. वर्गात तिचे नाव घेऊन फीमाफीची यादी वाचायची नाही. ती आपल्या दयेची धनी नाही, हक्काची मालकीण आहे.

आणि सरकारकडे आपली मागणी साधी आहे. कलम ४६ मधल्या 'देता येईल'च्या जागी 'द्यावे' हा शब्द हवा. मदतीची मर्यादा वयाने न ठरता अभ्यासक्रम पूर्ण होण्यावर ठरावी. घर सोडलेल्या मुलीला तिच्या स्वतःच्या नावाने उत्पन्नाचा दाखला मिळावा.

त्या बी.कॉम.च्या मुलीने ती दिवाळी आमच्या एका कार्यकर्तीच्या घरी काढली. चकल्या तळल्या, भांडणही केले, आणि सुट्टी संपल्यावर डबा घेऊन वसतिगृहात परत गेली. एका मुलीचे निभावले. फलकावरची सूचना मात्र अजून तशीच आहे. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि काय ठरले ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.