कान सुधारला, पण चव?

कान फुटणे आणि वर्षानुवर्षे वाहत राहणे हे आपल्याकडचे जुने दुखणे. कानाला नवा पडदा बसविण्याची किंवा कानामागील हाड साफ करण्याची शस्त्रक्रिया झाली की रुग्ण सुटकेचा नि:श्वास टाकून घरी येतो. मात्र काही रुग्णांची दुसरीच तक्रार सुरू होते. चहाला धातूसारखी चव येते, आमटी अळणी लागते, जिभेची एक कड बधिर वाटते. घरचे औषधांना दोष देतात, शेजारी मनाला. वस्तुतः दोष दोहोंचाही नसतो. कारण शरीररचनेत दडलेले असते.

जिभेच्या पुढील दोन-तृतीयांश भागाची चव मेंदूकडे नेणारा ‘कॉर्डा टिंपनी’ हा मज्जातंतू मध्यकर्णातून, हातोडी आणि ऐरण या चिमुकल्या हाडांच्या मधून जातो. लाळेच्या काही ग्रंथींनाही तोच चालना देतो. रिकिबीच्या हाडावरील शस्त्रक्रियेत हा तंतू बाजूला सारावा लागतो, त्यात तो ताणला जातो. हाड पोखरणारा रोग फार पसरला असेल, तर कधी तो कापावाही लागतो. बहुतेकांची तक्रार काही महिन्यांत ओसरते, काहींची मात्र टिकून राहते. यात शल्यविशारदाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. प्रश्न कौशल्याचा नसून पूर्वसूचनेचा आहे.

वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले. विक्रेत्याजवळ ज्ञान आहे आणि ग्राहकाजवळ केवळ विश्वास, अशी ही देवघेव. म्हणूनच संमतीपत्रावरील सहीला अर्थ येतो तो आधी दिलेल्या माहितीमुळे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच तत्त्व मांडले: उपचाराचे स्वरूप, पर्याय, ठळक धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला सांगितले पाहिजेत. दूरच्या शक्यता सांगण्याचे बंधन त्या निकालाने घातले नाही, हेही खरे. परंतु कानाच्या शस्त्रक्रियेनंतर चव बदलणे ही दूरची शक्यता नव्हे. कानाच्या शल्यविशारदांना ती पूर्ण परिचयाची आहे.

जिभेसारख्या क्षुल्लक गोष्टीचा बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. पण नुकसान क्षुल्लक की मोठे, हे ज्याला ते सोसायचे त्यानेच ठरवावे. कारकुनाच्या दृष्टीने जी किरकोळ गैरसोय, तीच आचाऱ्याच्या, खानावळ चालविणाऱ्या बाईच्या किंवा चहा पारखणाऱ्याच्या दृष्टीने पोटापाण्याची बाब ठरू शकते. दोन्ही कानांवर शस्त्रक्रिया करावयाची असेल, तर दुसऱ्या कानाच्या वेळी हा विचार अधिकच गंभीर होतो.

रुग्ण घाबरून शस्त्रक्रियाच टाळतील, हा आक्षेप मात्र विचारात घेतला पाहिजे. हाड पोखरणारा रोग तसाच राहिला तर चेहरा लुळा पडू शकतो, जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. मग हेही त्याच बैठकीत सांगावे. तराजूची दोन्ही पारडी दिसली तर बहुतेक शहाणी माणसे योग्य तीच निवड करतात. ज्याला एकच पारडे दाखविले जाते, तो पुढे चव गेल्यावर डॉक्टरवरचा विश्वासही गमावतो. आणि ती हानी भरून निघणे अधिक कठीण.

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. संमतीपत्रात सोप्या मराठीत एक वाक्य असावे. रुग्णाचा व्यवसाय विचारला जावा. आणि घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर तो तंतू शाबूत आहे, ताणला गेला की कापला, याची नोंद व्हावी. ऐकू येण्यासाठी चवीचे मोल देण्यास पुष्कळजण आनंदाने तयार होतील. पण मोल देणाऱ्याला ते आधी कळले पाहिजे, इतकी अपेक्षा कोणत्याही प्रामाणिक व्यवहारात रास्तच मानली जाते.