काचेवरचं पुसा, माशावरचं पुसू नका



गेल्या महिन्यात माझ्या टाकीतल्या माशांचे चार फोटो तुम्हा सगळ्यांना दाखवले होते, आठवतंय ना? त्यातल्या शेवटच्या, नारंगी गोल्डफिशच्या फोटोचं तुम्ही फार कौतुक केलंत. पुण्याच्या वन्सं तर म्हणाल्या, "कॅलेंडरवर छापावा असा आलाय गं." मीही दोन दिवस हवेत होते. पंच्याहत्तरीला टेकलेल्या बाईला कॉम्प्युटरवर एवढं जमलं याचं मलाच अप्रूप.

तो मासा त्यानंतर पाचव्या दिवशी मेला. आणि तो फोटो खोटा होता.

आज त्याबद्दलच लिहायचं आहे, आणि जरा रागानेच लिहायचं आहे. राग आधी स्वतःवर आहे, मग "फोटो थोडा सुधारला तर काय बिघडतं" म्हणणाऱ्या तुम्हा सगळ्यांवर. :-)

तर झालं असं. नातवाने दिवाळीत येऊन माझ्या कॉम्प्युटरवर गिंप नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकून दिलं. उजेड कसा वाढवायचा, रंग कसे ठीक करायचे, डाग कसा पुसायचा, हे तीन धडे दिले आणि तो गेला बंगळुरूला. मी वहीत लिहून घेतलं आणि बसले सराव करत. गोल्डफिशच्या फोटोत अंगावर बारीक पांढरे ठिपके दिसत होते. मला वाटलं, पाण्यातला कचरा असेल, नाहीतर काचेवरचे बुडबुडे. डाग पुसायचं ब्रश घेतलं आणि मोजून सतरा ठिपके पुसले. मग नारंगी रंग थोडा चढवला. मासा असा झळकला की बस!

दोन दिवसांनी मासा सुस्त वाटायला लागला. मध्येच तळाच्या खड्यांवर अंग घासायचा. नागपूरला माझा पुतण्या राहतो, त्याला माशांचा वीस वर्षांचा नाद. त्याला विचारावं म्हणून मी फोटो पाठवला. कुठला पाठवला असेल? तोच, सुंदर केलेला. त्याने बघितला आणि लिहिलं, "काकू, मासा तर ठणठणीत दिसतोय. खाणं कमी करा, थोडं पाणी बदला." मी निश्चिंत झाले.

मासा गेल्यावर मूळ फोटो उघडून बघितला. ठिपके जागच्या जागी होते. तो पुतण्याला पाठवला, तर त्याचा लगेच फोन. "काकू, हा आधी का नाही पाठवलात?" काय उत्तर देणार? चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, खाडाखोड करू नका म्हणून ओरडले, आणि स्वतःच सतरा ठिकाणी खाडाखोड करून बसले.

या रोगाला मासेवाले 'इक' म्हणतात. साखरेचे दाणे शिंपडावेत तसे ठिपके अंगावर, परांवर, शेपटीवर येतात. प्रत्येक ठिपक्यात एक परजीवी माशाच्या कातडीखाली बसलेला असतो. तिथे असेपर्यंत औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो गळून तळाला जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती पोहत दुसरा मासा शोधतात. मीठ किंवा औषध त्यांना मारू शकतं ते याच वेळी. म्हणून उपचार एक दिवस करून चालत नाही, ठिपके गेल्यावरही काही दिवस चालू ठेवावा लागतो. पाणी हळूहळू कोमट केलं की हे चक्र लवकर फिरतं आणि औषधाची संधी लवकर येते. वेळेवर कळलं तर पुष्कळदा मासा वाचतो. मी वेळेवर कळायची वाटच पुसून टाकली.

आता गंमत बघा. गोल्डफिशच्या नराला विणीच्या दिवसांत कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला असेच पांढरे दाणे येतात. तो रोग नव्हे, तो नर वयात आल्याची खूण. नवख्याला दोन्ही सारखेच दिसतात. जाणकार मात्र दाणे कुठे आहेत, ओळीत आहेत की विखुरलेले, एवढ्यावरून फोटोतच फरक सांगू शकतो. म्हणजे ठिपका ही माहिती आहे. ज्याला ती वाचता येत नाही त्याने तो पुसायचाच नाही. सही समजत नाही म्हणून कोणी कागदावरची सही खोडतं का?

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. "बाई, फोटोत फेरफार काय आजची आहे का?" नाहीच आहे. फोटोशॉप १९९० साली आलं, त्याच्या आधीच १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिऑग्राफिकसारख्या मासिकाने मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत बसावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड कॉम्प्युटरने जवळ सरकवले होते. त्यावर केवढी टीका झाली! आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून आपले गावोगावचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे डाग घालवायचेच की.

त्या पेन्सिलीचीच एक गोष्ट सांगते. माझ्या एका मावसबहिणीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. त्या काळी पुष्कळांच्या असायचे, देवी देशातून गेली ती १९७५ साली. तिचा 'दाखवायचा' फोटो काढला तेव्हा स्टुडिओवाल्याने न सांगता, मोठ्या मायेने, सगळे वण घालवून टाकले. घरच्यांना फोटो फार आवडला. पोस्टाने गेला, पसंती आली. मंडळी बघायला आली, पोहे खाल्ले आणि उठून गेली. नंतर बहीण एकच वाक्य बोलली. म्हणाली, "त्यांना आवडली ती मी नव्हतेच." पुढे तिचं लग्न झालं, चांगलं झालं, मुलंबाळं झाली. पण तो फोटो तिने कधी घरात लावला नाही. "थोडं सुधारलं तर काय बिघडतं" याचं उत्तर मला तेव्हाच मिळालं होतं. मी विसरले.

आता दुसऱ्या बाजूचे लोकही आहेत, त्यांनाही सोडणार नाही. ते म्हणतात, "आम्ही फोटोला हातच लावत नाही, कॅमेऱ्यातून आला तसा खरा." अहो, कॅमेऱ्यातून येतो तो खरा कुठे असतो? टाकीवर निळसर एलईडी लावला की पांढरा मासा निळा येतो. टाकीत लाकडाचा ओंडका असला की पाणी चहासारखं आणि मासा पिवळा. काचेवर शेवाळ धरलं की सगळंच हिरवं. काही जण सांगतात की पाणी लाल रंग खातं म्हणून फोटो फिका येतो. समुद्रात काही मीटर खाली ते खरं आहे, पण आपल्या दोन फुटी टाकीत त्याचा हिशोब नगण्य. आपला गुन्हेगार बहुधा दिवा असतो. आणि आजचे मोबाइल तर तुम्ही हात लावायच्या आधीच उजेड, धार, रंग सगळं आपल्या मनाने बदलून मोकळे होतात. तेव्हा "हात लावला नाही" ही काही सत्याची हमी नव्हे.

म्हणून मी एडिटिंगच्या विरोधात नाही. डोळ्यांना जसं दिसलं तसं कॅमेऱ्याला पकडता आलं नसेल तर ती चूक दुरुस्त करा, खुशाल करा. माझं भांडण आहे ते माशाला 'दुरुस्त' करण्याशी.

कारण तिथून घसरगुंडी सुरू होते. आपल्याकडच्या पाण्यात एक काचेसारखा आरपार दिसणारा छोटा मासा आहे, शास्त्रीय नाव पॅराम्बॅसिस रंगा. हॅमिल्टनसाहेबाने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली. काटे दिसतात, आतडी दिसतात, निसर्गाचा चमत्कार! पण बाजाराला तो फिका वाटला. मग काय केलं? सुईने त्याच्या अंगात गुलाबी, हिरवे, निळे रंग टोचले आणि 'रंगीत मासा' म्हणून जगभर विकला. टोचताना मरतात ते मरतात, उरलेल्यांचा रंग काही महिन्यांत विरून जातो. ब्रिटनमधल्या प्रॅक्टिकल फिशकीपिंग मासिकाने १९९६ साली याविरुद्ध मोहीम काढली आणि तिथल्या अनेक दुकानदारांनी असे मासे न विकायचं कबूल केलं. सुई चालवणाऱ्याला आपण क्रूर म्हणतो. बरोबरच आहे. पण आहे त्या माशावर समाधान नाही, ही भूक त्याची आणि माझ्या ब्रशची एकच नाही का? माझ्या ब्रशने माशाला दुखत नाही, एवढाच फरक. आणि माझ्या बाबतीत तर तेवढाही उरला नाही.

आता तर नवीन सॉफ्टवेअर आणखी पुढे गेलंय. २०२३ पासून फोटोशॉपमध्येही सोय आहे, जागा निवडा, हवं ते लिहा, ते चित्र भरून देतं. फाटकी शेपटी अखंड करून मागा, मिळेल! पण शेपटी फाटली का? दुसऱ्या माशाने चावली का? पर सडायला लागलेत का? हे प्रश्न त्या अखंड शेपटीखाली गाडले जातात. विकणाऱ्याने असा फोटो दाखवला तर आपण त्याला लबाड म्हणतो, मीही एकदा फोटो पाहून मागवलेला लालभडक मासा घरी आल्यावर विटकरी निघाला म्हणून चार दिवस चरफडले होते. मग आपण आपल्याच माणसांना तसा फोटो पाठवला तर तो छंद कसा?

शेवटचा अनुभव आमच्या गोंदियाचा. आमचा जिल्हा तळ्यांचा. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि शेतातल्या बोड्या. नवेगाव बांध तर तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्याकडे मासे घेऊन येणारे एक ढीवर दादा आहेत. त्यांनी एकदा डब्यात घालून बोडीतले बोटभर मासे मला आणून दिले, टाकीत ठेवा म्हणून. मी फोटो काढला, रंग चढवला, पिवळा सोन्यासारखा केला आणि कौतुकाने त्यांना दाखवला. त्यांनी मोबाइल दूर धरला, जवळ धरला आणि विचारलं, "हा कोनता मासा होय बाई? आपल्या बोडीतला नाही वाटत."

"अहो दादा, तुम्हीच तर आणून दिलेला."

"असा पिवळा नाही राहत जी तो," एवढंच म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

ज्याने जन्मभर तो मासा जाळ्यातून काढला त्याला तो ओळखता येऊ नये, म्हणजे मी केलं तरी काय? गावोगावी जैवविविधतेच्या नोंदवह्या करायच्या असतात, २००२ च्या कायद्याने तशी सोय केली आहे. उद्या एखाद्या मास्तराने माझा फोटो घेऊन त्यात चिकटवला तर? रोहू, कटल्यापुढे आमचे हे छोटे मासे तसेच दुर्लक्षित. त्यांची ओळख परावरच्या ठिपक्यावरून, अंगावरच्या पट्ट्यावरून पटते. तेच बदललं तर मुलं भलताच मासा शिकतील.

तेव्हा मी माझ्यापुरते नियम केले आहेत. वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत, पटले तर तुम्हीही घ्या.

फोटो काढण्याआधी काच आतून बाहेरून मऊ फडक्याने पुसायची. खोलीतले दिवे बंद, टाकीवरचा चालू. कॅमेरा काचेला सरळ समोर धरायचा, तिरका धरला की मासा फराटा येतो. समोरून फ्लॅश नाही. एक फोटो टाकीत पांढरा प्लास्टिकचा चमचा धरून काढायचा. मग गिंपच्या 'लेव्हल्स'मध्ये करड्या रंगाच्या ड्रॉपरने त्या चमच्यावर क्लिक केलं की दिव्याचा रंग निघून जातो. तेवढीच दुरुस्ती बाकीच्या फोटोंना द्यायची. उजेड कमीजास्त, कडा कापणं, हे चालेल. पाण्यातला कचरा पुसायचा, पण तो माशाच्या अंगावर दिसत असेल तर आधी उठून टाकीपाशी जायचं आणि डोळ्यांनी बघायचं. माशाच्या अंगावरचं काही पुसायचं नाही, भरायचं नाही, चढवायचं नाही. आणि मूळ फोटो कधी, कधीही डिलीट करायचा नाही. जाणकाराला दाखवायचा तो मूळच.

तुम्ही म्हणाल, एका माशासाठी बाईंनी केवढं रामायण लावलं. असू दे. तो सुंदर फोटो मी काढून टाकला आहे आणि त्या जागी मूळ फोटो ठेवला आहे, सतरा ठिपक्यांसकट. कोणाच्या टाकीत तसं दिसलं तर निदान ओळखता येईल. वन्सं, तुमच्या कॅलेंडरचं तेवढं राहिलं बरं का!

असो. उरलेल्या तिघांवर औषध चालू आहे. आज नववा दिवस, अजून तरी अंग स्वच्छ आहे. पाणी बदलायची वेळ झाली, उठते.